मुक्ता: नावाचा अर्थ, उगम आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

मुलीसाठी 'मुक्ता' हे नाव मनात घोळत असेल, तर बारशाआधी घरात जे प्रश्न हमखास निघतात ते इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना जरा ऐसपैस बसावं लागतं.

मुक्ता म्हणजे नेमकं काय?

अर्थ दोन आहेत आणि दोन्ही खरे आहेत. संस्कृतातल्या 'मुच्' म्हणजे सोडणे या धातूपासून 'मुक्त' होतं, त्याचं स्त्रीलिंगी रूप मुक्ता. म्हणजे सुटलेली, मोकळी, बंधन नसलेली. मोक्ष, मुक्ती, मोचन हे शब्द याच धातूचे. आपला रोजचा 'मोकळा'ही त्याच घराण्यातला मानला जातो. दुसरा अर्थ मोती. संस्कृतात 'मुक्ता' हे मोत्याचं स्वतंत्र नाम आहे. मुक्ताहार म्हणजे मोत्यांचा हार, मुक्तावली म्हणजे मोत्यांची माळ.

एकाच शब्दाला इतके वेगळे अर्थ कसे आले?

जुनं उत्तर सोपं आहे. शिंपल्यातून जी सुटते ती मुक्ता. ऐकायला गोड आणि पटण्यासारखं. शब्दाची अशी फोड करून अर्थ लावायची आपल्याकडे फार जुनी पद्धत आहे.

काही भाषातज्ज्ञ मात्र वेगळं सांगतात, आणि मला त्यांचं म्हणणं जास्त पटतं. तमिळ, मल्याळम आणि कन्नडमध्ये मोत्याला 'मुत्तु' म्हणतात, तेलुगूत 'मुत्यमु'. मोती येत होते दक्षिणेतून. तमिळनाडू आणि श्रीलंका यांच्यामधलं मन्नारचं आखात मोत्यांसाठी प्राचीन काळापासून प्रसिद्ध होतं, पांड्य राजांचं कोरकै हे बंदर त्यावरच भरभराटीला आलं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मोत्यांच्या प्रकारांची यादी आहे, तिची सुरुवातच ताम्रपर्णी आणि पांड्य देशातल्या मोत्यांनी होते. माल जिकडून येतो तिकडून त्याचं नावही येतं. 'मुत्तु' उत्तरेकडे आला आणि प्राकृतात 'मुत्ता' झाला.

आता गंमत पुढे. प्राकृत बोलणाऱ्याला ठाऊक होतं की आपण ज्याला 'भत्त' म्हणतो त्याला पंडित 'भक्त' म्हणतात. आपला 'भात' त्यातूनच आला. जोडाक्षरातला 'क्' प्राकृतात लोपतो आणि 'त' दुहेरी होतो. मग 'मुत्ता'चं शुद्ध रूप काय असणार? त्याच हिशेबाने 'मुक्ता'! म्हणजे दक्षिणेच्या शब्दाला संस्कृतचा पोशाख चढला आणि तो नेमका 'सुटलेली' या अर्थाच्या शब्दासारखा दिसू लागला. हे मत सगळ्यांना मान्य आहे असं नाही, पण मुलीला मोठेपणी सांगायला शिंपल्याच्या गोष्टीइतकीच ही गोष्टही झकास आहे.

मग 'मोती' कुठून आला?

संस्कृत 'मौक्तिक', त्याचं प्राकृत 'मोत्तिअ', त्यावरून मोती. मुक्ता आणि मोती हे एकाच कुळातले.

मराठीत हे नाव इतकं आपलं का वाटतं?

कारण महाराष्ट्रात मुक्ता म्हटलं की कोशातला मोती आठवत नाही, मुक्ताई आठवते. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता या चार भावंडांतली ती धाकटी. तिचा जन्म परंपरेने शके १२०१, म्हणजे इ.स. १२७९ मधला मानतात आणि अंतर्धान शके १२१९, इ.स. १२९७ मधलं. जेमतेम अठरा वर्षांचं आयुष्य. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, संन्याशाची मुलं म्हणून समाजाने वाळीत टाकलं. तशा घरातली ही मुलगी.

तिचं वेगळेपण कळायचं असेल तर ताटीचे अभंग वाचावेत. प्रसंग असा सांगतात: लोकांच्या बोलण्याने व्यथित होऊन ज्ञानदेव झोपडीत गेले आणि त्यांनी ताटी, म्हणजे झोपडीचं झापडाचं दार, लावून घेतलं. मुक्ताई बाहेर उभी राहून थोरल्या भावाला समजावते:

योगी पावन मनाचा । साही अपराध जनाचा ॥
विश्व रागें झालें वन्ही । संतें सुखें व्हावें पाणी ॥

जग रागाने पेटलं तर संताने पाणी व्हावं. आणि शेवटी पालुपद, 'ताटी उघडा ज्ञानेश्वरा'. यात ती रडत नाही की पाया पडत नाही. तू योगी ना, मग हे तुला शोभतं का, असा सरळ मुद्दा मांडते. बहिणीने भावाला सुनवावं तशी माया आणि तसाच धाक. ज्ञानेश्वरीसारखा ग्रंथ ज्याच्या नावावर आहे त्याला दार उघडायला लावणारी म्हणून मराठी मनात मुक्ताईची जागा पक्की आहे.

दुसरी गोष्ट चांगदेवांची. चौदाशे वर्षं जगलेला, मोठ्या सिद्धींचा योगी अशी त्यांची ख्याती. ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले तर मायना सुचेना. वयाने लहान म्हणून 'चिरंजीव' लिहावं, तर ज्ञानाने मोठे. 'तीर्थरूप' लिहावं, तर वयाने पोर. शेवटी कोराच कागद पाठवला. तो पाहून मुक्ताई म्हणाली, इतकी वर्षं जगून हा कोराच राहिला! त्या कोऱ्या पत्राला ज्ञानदेवांनी दिलेलं उत्तर म्हणजे पासष्ट ओव्यांची चांगदेव पासष्टी. चांगदेवांनी पुढे गुरू केलं ते मुक्ताईलाच.

तिसरी गोष्ट संतांच्या मेळ्यातली. गोरोबाकाका कुंभार, म्हणून मुक्ताईने त्यांना सांगितलं की तुमच्या थापटण्याने यातली कच्ची मडकी कोणती ते बघा. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. बाकीचे गप्प राहिले, नामदेव मात्र रागावले आणि त्यांचं मडकं कच्चं ठरलं. त्यानंतर नामदेव गुरूच्या शोधात विसोबा खेचरांकडे गेले.

या कथांमध्ये इतिहास किती आणि श्रद्धा किती, हा वाद अभ्यासकांना करू द्या. आपल्याला नावाचं बघायचं आहे. सातशेहून जास्त वर्षं मराठी घरांत हे नाव एका स्पष्टवक्त्या मुलीचं म्हणून ऐकलं गेलं आहे, एवढं खरं.

मुक्ताईचं स्थान कुठे आहे?

जळगाव जिल्ह्यात, तापी आणि पूर्णा नद्यांच्या परिसरात. मेहूण आणि कोथळी या दोन्ही ठिकाणी मुक्ताईची मंदिरं आहेत. तालुक्याचं गाव पूर्वी एदलाबाद होतं, ते आता मुक्ताईनगर. जवळच चांगदेव नावाचं गाव आणि तिथलं जुनं दगडी मंदिर. तापीकाठी वीज कडाडली आणि मुक्ताई गुप्त झाली अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. म्हणून इतर तीन भावंडांची 'समाधी' म्हणतात, ज्ञानदेवांची आळंदीला, सोपानदेवांची सासवडला, निवृत्तिनाथांची त्र्यंबकेश्वरला. मुक्ताईचं मात्र 'अंतर्धान'. आषाढीला तिची पालखी लांबचा पल्ला चालून पंढरपूरला येते.

या नावाच्या आणखी कोणी प्रसिद्ध स्त्रिया?

मुक्ता साळवे हे नाव आधी घ्यायला हवं. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली साधारण चौदा वर्षांची मुलगी. तिचा 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. पेशवाईच्या काळात तालमीसमोरून जाणाऱ्या अस्पृश्यांचं डोकं मारून त्याचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत, हे तिने लिहिलं आहे. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर नसतं, तेव्हा थंडीवाऱ्यात तिचे काय हाल होतात, हेही लिहिलं आहे. वेद जर फक्त ब्राह्मणांचे, तर आम्ही धर्मपुस्तक नसलेले लोक, मग आमचा धर्म कोणता, असा प्रश्न ती थेट देवालाच विचारते. निबंध लहान आहे, अर्ध्या तासात वाचून होतो. मुलीचं नाव मुक्ता ठेवणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा वाचावा असं मला वाटतं.

अहिल्याबाई होळकरांच्या मुलीचं नावही मुक्ताबाईच. तिचं लग्न यशवंतराव फणसे यांच्याशी झालं. ज्या प्रांतात चोर-लुटारूंचा उपद्रव होता तिथे बंदोबस्त करणाऱ्या पराक्रमी माणसालाच मुलगी द्यायची, असा अहिल्याबाईंचा पण होता, असं सांगतात. पती वारल्यावर १७९१ मध्ये मुक्ताबाई महेश्वरला सती गेली. आईने परोपरीने विनवलं, ती ऐकली नाही.

आजच्या काळात अभिनेत्री मुक्ता बर्वे यांच्यामुळे हे नाव घरोघरी पोचलं. पुण्याच्या महापौर आणि नंतर आमदार झालेल्या मुक्ता टिळकांमुळे ते राजकारणातही दिसलं.

नाव जुनाट वाटत नाही ना?

एकेकाळी वाटायचं. खेडोपाडी मुक्ताबाई या नावाची आजी असायचीच, 'मुक्ते, ए मुक्ते' अशी हाक अंगणातून ऐकू यायची, आणि शहरात शिकलेल्या पिढीला ते नाव गावाकडचं वाटू लागलं. नंतर लोकांनी 'बाई' गाळलं आणि तेच नाव एकदम तरुण झालं. सावित्री, रमा, जिजा, सई, मुक्ता ही आज्या-पणज्यांची नावं आता पाळणाघरात ऐकू येतात, यात नवल काही नाही. मधल्या काळात सुनीता-अनिता-संगीतांची जी लाट आली होती, त्या नावांची माणसं आज आईवडिलांच्या वयाची आहेत. आईच्या पिढीचं नाव मुलीला कोणी ठेवत नाही, आजीच्या पिढीचं ठेवतात. मुक्ताला जोडाक्षर एकच, अक्षरं दोनच आणि अर्थ सांगायला कोश उघडावा लागत नाही. हल्लीच्या य-अक्षरी, र-अक्षरी बनवलेल्या नावांपेक्षा हे कितीतरी बरं, हे माझं मत.

मुक्ता, मुक्ताई, मुक्ताबाई, मुक्ती: फरक काय?

मुक्ता हे मूळ नाव. 'आई' जोडलं की माया आणि आदर येतो, जसं विठाई, ज्ञानाई, जनाई. अभंगांत 'मुक्ताई' अशी नाममुद्रा येते. 'बाई' हे मराठी स्त्रीनामांना पूर्वी सरसकट लागायचं, त्यात वेगळा अर्थ नाही. 'मुक्ती' हे वेगळं नाव आहे: मुक्ता म्हणजे जी सुटली ती, मुक्ती म्हणजे सुटका. पाळण्यात मुक्ताई नाव ठेवायला हरकत काहीच नाही, पण शाळेत आणि कार्यालयात ते थोडं जड जातं. बहुतेक घरांत कागदावर मुक्ता आणि लाडाने मुक्ताई असं चालतं. बाकी मुकू, मुक्तू ही लाडाची नावं आपोआप तयार होतात, ती ठरवायला बसू नये.

काही वडीलधारी म्हणतात नाव अशुभ आहे. खरं का?

हा प्रश्न कुजबुजत विचारला जातो, म्हणून मोकळेपणाने उत्तर देते. आक्षेप दोन असतात. पहिला, 'मुक्त झाली' असं आपण कोणी गेलं की म्हणतो. दुसरा, मुक्ताई अल्पायुषी होती.

पहिल्याचं असं की भारतीय दर्शनांत मुक्त होण्यासाठी मरावं लागतंच असं नाही. जीवन्मुक्त ही कल्पना त्यासाठीच आहे: देहात असतानाच जो सुटला तो. जैनांमध्ये संसारी आणि मुक्त असे जीवांचे दोन भेदच आहेत आणि मुक्त हा सगळ्यांत वरचा. शीख इतिहासात १७०५ मध्ये गुरू गोविंदसिंगांसाठी लढताना कामी आलेल्या चाळीस जणांना 'चाळीस मुक्ते' म्हणून आदराने स्मरतात, पंजाबातलं मुक्तसर हे गाव त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. या शब्दाला आपल्या परंपरेत कुठेच कमीपणा नाही.

दुसरा आक्षेप लावायचा तर ज्ञानेश्वर हे नावही ठेवता येणार नाही. त्यांनी एकविसाव्या वर्षी समाधी घेतली, तरी गावोगाव ज्ञानेश्वर, ज्ञानदेव, माउली आहेतच. कोणाच्या नावाने कोणाचं आयुष्य ठरत असतं तर बारसं करणाऱ्या आत्याइतकं सामर्थ्यवान माणूस दुसरं कोणी नसतं. तरीही घरातल्या आजीच्या मनाला ते लागत असेल, तर वाद घालण्यापेक्षा तिला 'मोती' हा अर्थ सांगा. बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर भागतं.

मोती हा अर्थ मराठीत कशासाठी वापरतात?

मौल्यवान माणसासाठी. १७६१ मध्ये पानिपतची बातमी सांकेतिक भाषेत आली ती 'दोन मोती गळाले' अशी. ते दोन मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव. त्याच निरोपात गमावलेल्या मोहरा आणि खुर्दा यांचाही उल्लेख होता; त्यांच्याही वर मोती ठेवले होते, यावरून त्या शब्दाचं वजन कळतं. सुंदर अक्षराला आपण मोत्यासारखं अक्षर म्हणतो.

संस्कृत काव्यशास्त्रात लावण्याची व्याख्या मोत्यावरूनच केली आहे: मोत्याच्या आत जशी एक तरल झळाळी हलताना दिसते, तशी अंगात दिसते ते लावण्य. मोती हिऱ्यासारखा डोळ्यांवर येत नाही. त्याच्या या झळाळीला सराफ 'पाणी' म्हणतो. मोती हातात घेऊन उजेडाकडे जरा फिरवला की पृष्ठभागाखाली काहीतरी सरकल्यासारखं होतं, तेच ते. मोत्याला पैलू पाडावे लागत नाहीत, तो शिंपल्यातून येतो तोच चमकत येतो.

स्वाती नक्षत्राच्या थेंबाचा मोती होतो ही गोष्ट काय आहे?

स्वाती नक्षत्रात पडलेला पावसाचा थेंब शिंपल्यात गेला तर त्याचा मोती होतो, असा संकेत आहे. भर्तृहरीच्या नीतिशतकात तो फार छान वापरला आहे: तोच थेंब तापलेल्या लोखंडावर पडला तर नाहीसा होतो, कमळाच्या पानावर मोत्यासारखा दिसतो, आणि स्वातीत शिंपल्यात पडला तर मोतीच होतो. संगत जशी तसा गुण. प्रत्यक्षात काहीतरी परकं, बहुतेकदा एखादा परजीवी, कालवाच्या मऊ अंगात शिरतो आणि ते कालव त्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे पातळ थर चढवत राहतं.

राशीप्रमाणे हे नाव कोणत्या अक्षरात बसतं?

जन्मनक्षत्रावरून नावाचं पहिलं अक्षर सांगणाऱ्या अवकहडा चक्रात मा, मी, मू, मे ही मघा नक्षत्राच्या चार चरणांची अक्षरं. मुक्ता तिसऱ्या चरणात बसतं, रास सिंह. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद इथे धरत नाहीत. आता मजा अशी की नवरत्नांत मोती हे चंद्राचं रत्न आणि चंद्राची रास कर्क. म्हणून कर्क राशीच्या मुलीलाही काही जण मुद्दाम मुक्ता नाव ठेवतात: अक्षर जुळत नाही पण रत्न जुळतं. राशीचं अक्षर वेगळं आलं आणि नाव आवडलं असेल तर जन्मनाव वेगळं आणि व्यवहारनाव वेगळं ही सोय आपल्याकडे पूर्वीपासून आहेच.

अंकशास्त्राप्रमाणे?

इंग्रजी अक्षरं घेऊन एका पद्धतीने बेरीज केली तर १२, म्हणजे ३. दुसऱ्या, खाल्डियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने तीच अक्षरं १७, म्हणजे ८ देतात. जो अंक आवडेल त्याची पद्धत निवडावी.

शाळेत चिडवतील का?

थोडंफार चिडवतील. 'मुकी' आणि 'मुका' हे दोन शब्द इतके जवळ आहेत की कोणीतरी एक जण ते शोधून काढणारच. जरा मोठेपणी 'मुक्ताफळं' येतात. मुक्ताफळ म्हणजे खरं तर मोतीच, पण मराठीत 'मुक्ताफळं उधळणे' म्हणजे वेड्यासारखं काहीतरी बोलणे. मुलगी बोलकी निघाली तर हा विनोद तिला घरातूनच ऐकावा लागेल, आणि काका मंडळींना तो दर वेळी नवाच वाटेल. मात्र ज्याच्यावरून चिडवता येत नाही असं नाव अजून कोणी ठेवलेलं नाही. या नावातला विनोद तरी चांगल्या मराठीतला आहे.

इतर भाषांत हे नाव चालतं का?

छान चालतं. बंगाली आणि ओडियात मुक्ता म्हणजे सरळ मोती. हिंदी, गुजरातीत दोन्ही अर्थ कळतात. दक्षिणेत मुत्तु हा शब्द नावांमध्ये भरपूर आहे. मद्रास विधान परिषदेच्या उपाध्यक्ष झालेल्या डॉक्टर मुथुलक्ष्मी रेड्डी हे त्यातलं गाजलेलं नाव. त्यामुळे तिथेही मोत्याशी नातं लागतं. बाहेरच्या देशांत मार्गारेट हे नाव मोती या अर्थाच्याच ग्रीक शब्दावरून आलं आहे. अरबीत मोत्याला लुलू म्हणतात.

उच्चाराचं एकच सांगायचं. जोडाक्षराची सवय नसलेले लोक 'मुकता' किंवा 'मुक्टा' म्हणतात. दुसऱ्यांदा सांगितलं की बहुतेकांना जमतं.

इंग्रजी स्पेलिंग कसं ठेवावं?

एम, यू, के, टी, ए. एवढंच. शेवटी दोन 'ए' किंवा मध्ये 'एच' घालू नका. दक्षिणेत 'त'साठी 'टी-एच' लिहायची रीत आहे, महाराष्ट्रात ती नाही; पुढे शाळेचा दाखला एक आणि पासपोर्ट दुसरा असं झालं की निस्तरत बसावं लागतं.

भावंडांची नावं काय ठेवावीत?

भावासाठी ज्ञानेश, सोपान, निवृत्ती ही संतघराण्यातली नावं आहेतच, पण चौघांचा संच पुरा करायचा हट्ट कशाला? बहिणीसाठी जाई, सई, गार्गी, इरा, रेवा अशी दोन अक्षरी नावं शेजारी बरी वाटतात. टाळावं ते मुक्ता-युक्ता. ऐकायला मजेशीर आहे, पण दोघींपैकी हाक कोणाला मारली हे जन्मभर कळणार नाही.

मुलासाठी असंच नाव आहे का?

मुक्तेश, मुक्तेश्वर, मुक्तानंद. एकनाथांच्या नातवाचं, कवी मुक्तेश्वराचं नाव मराठी वाचकांना परिचित आहेच. नुसतं 'मुक्त' हे मुलाचं नाव म्हणून क्वचितच ठेवतात.

जन्मदाखल्यावर नाव कधीपर्यंत घालता येतं?

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण त्या वेळी नाव ठरलेलं नसलं तरी चालतं. नावाशिवाय नोंद होते आणि पुढे १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क नाव घालता येतं. त्यानंतर विलंब शुल्क भरून जन्मनोंदणीपासून १५ वर्षांपर्यंत. तेव्हा नावावर एकमत होत नसेल तर घाईने काहीतरी लिहून टाकू नका. नंतर बदलणं घालण्यापेक्षा कटकटीचं असतं.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना अशा बऱ्याच कामांना जन्मदाखला हाच तारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा धरला जातो, म्हणून त्यावरचं स्पेलिंग हातात पडताक्षणी तपासा. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. अर्ज भरण्याआधी पूर्ण नाव त्या क्रमाने मराठीत आणि इंग्रजीत एका कागदावर लिहून घ्या, आणि 'क्' ला 'त' जोडून 'क्ता' झालाय की सुटं 'कता' पडलंय ते टंकलेखकासमोरच पडद्यावर बघा.